वाटाड्या सापडला बिडकीनला

हरवलेला माणूस मला सापडला तो बिडकीनच्या चारा छावणीत. मे महिन्यातल्या भर दुपारी, आणि तोही पाठमोरा.

त्या वर्षी दुष्काळानं सगळं भाजून काढलं होतं. शहरात आमच्या गारखेड्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि गावाकडं वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, जनावरं छावणीत नेऊन बांधली होती. रविवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले. दावणीच्या टोकाला गोजरबाई नावाची म्हातारी रडकुंडीला आली होती. तिच्या गायीच्या कानातला बिल्ला पडला होता आणि बिल्ला नसला की चारा बंद, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिच्यापुढं उकिडवा बसलेला, निळ्या शर्टातला एक उंच मुलगा म्हणाला,

"मावशी, आधी पाणी प्या. मग बोलू."

मी डबा घेऊन जागीच थांबले. हे शब्द मी कितीतरी वेळा वाचले होते. ऐकत होते पहिल्यांदाच.

इंटरनेटवर 'कॅनडा कट्टा' नावाची एक जागा होती. कॅनडाला कायमचं जायला निघालेली मराठी माणसं तिथं एकमेकांना शंका विचारायची. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. माझाही अर्ज चाललेला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकी मिळाली की मी कट्टा उघडायचे. आणि कट्ट्यावरचा सगळ्यांचा लाडका होता 'वाटाड्या'. इंग्रजीच्या परीक्षेपासून पोलिसांच्या दाखल्यापर्यंत काहीही विचारा, उत्तर हजर. प्रत्येक उत्तराची सुरुवातही ठरलेली — 'आधी पाणी प्या, मग वाचा.' सगळे धरून चालले होते, हे कुणी टोरांटोतले पन्नाशीचे काका असणार.

मला मात्र शंका होती. कारण नाव झाकून तपासायला पाठवलेला माझा अर्ज बघून हे काका मला खासगीत लिहायचे, 'ओ क्वालिटी मॅडम, तुमच्या अर्जात खोट राहिलीय.'

'कोणती?'

'लग्न झालंय का, तो रकाना रिकामाय. चुकून... की मुद्दाम?'

'तुम्हाला काय करायचंय?'

'मला काय करायचंय? कॅनडा सरकारला लागतं!'

बजाजनगरचा चौक येईपर्यंत मी एकटीच हसत बसायचे.

मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी वाटाड्या नाहीसा झाला. खातंच पुसलेलं. कट्ट्यावर नुसता गोंधळ. कुणी म्हणालं, एजंट होता, पकडला गेला. कुणी म्हणालं, वारला. एकानं तर श्रद्धांजलीसुद्धा वाहिली. मला राग आला होता... आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याला नाव द्यायचं मी टाळत होते.

"वाटाड्या?" छावणीत मी त्याला मागून हाक मारली.

तो वळला. कुठले पन्नाशीचे काका! तिशीसुद्धा गाठली नसेल. रापलेला चेहरा, भुवयांवर धूळ आणि डोळ्यांत चोरी पकडली गेल्याचे भाव.

"कोण वाटाड्या?"

"लोकांनी श्रद्धांजली वाहिलीय. म्हटलं, आपणही फुलं घेऊन जावं."

तो उठून उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "क्वालिटी मॅडम?"

"तनुजा," मी म्हणाले. "आणि लग्न झालेलं नाही. रकाना भरून घ्या."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला फार बरं वाटलं.

त्याचं नाव अंगद. सूर्यभानमामांचा, म्हणजे आमच्या ओळखीच्या मेंढपाळाचा, मुलगा. मामांची मेंढरं दर हिवाळ्यात खतासाठी आमच्या शेतात बसायची. लहानपणी मी त्यातल्या कोकरांच्या मागं पळायचे. अंगद तेव्हा शाळेसाठी आजोळी असायचा, म्हणून कधी दिसला नव्हता. पुढं तो इंजिनिअर झाला, वाळूजलाच नोकरीला लागला. यंदा मामांच्यानं कळप आवरेना, तेव्हा नोकरी सोडून परत आला होता आणि छावणीत लोकांची बिल्ल्यांची, दाखल्यांची कामं करून द्यायचा.

छावणीच्या कडेला लिंबाखाली चहा घेता घेता मी सरळच विचारलं, "कट्ट्यावरून का गेलास?"

तो कपातल्या चहाकडं बघत बोलायला लागला. "सुकेशनी म्हणून नांदेडची एक नर्स होती. सगळं माझ्या सल्ल्यानं केलं तिनं. एक दिवस लिहिलं, 'दादा, टोरांटोला उतरतेय, विमानतळावर याल ना?' आणि मी पैठणच्या पुढं मेंढरं हाकत होतो! विमान आतून कसं असतं ते मला ठाऊक नाय. मी तिथं राहतो असं कधी म्हणालो नव्हतो, तनुजा. पण राहत नाय, असंबी म्हणालो नव्हतो."

"मग तिचं काय झालं?"

"तिथल्या एका ओळखीच्या माणसाला हातापाया पडून पाठवलं. अन् खातं पुसून टाकलं. लाज वाटली लई."

"तुला स्वतःला नव्हतं जायचं?"

"बोलावणं आलं होतं की. मागच्या दुष्काळात. तेव्हाच बापाचा पाय मोडला, मी कळप घेऊन गोदाकाठानं गेलो. मुदत निघून गेली." तो हसला. "पण नियम सगळे पाठ झाले होते... वाया कशाला घालवायचे?"

"परत जा कट्ट्यावर. स्वतःच्या नावानं, खरं लिही. मला पळून जाणारी माणसं आवडत नाहीत."

"मग कसली आवडतात?"

"आधी लिही. मग सांगते."

त्यानं लिहिलं. मी बसमध्ये वाचलं. आधी शिव्याच आल्या — स्वतः कधी गेला नाही आणि जगाला वाट दाखवतो! मग सुकेशनीचं उत्तर आलं. 'अंगददादा, त्या दिवशी बर्फ पडत होतं. तुम्ही पाठवलेल्या माणसानं येताना जाड कोट आणला होता. म्हणाला, पोरगी मराठवाड्यातली आहे, हिला थंडी माहीत नसेल, असं त्यांनी बजावून सांगितलंय. तुम्ही इथं नाही, हे मला तेव्हाच कळलं. पण भाऊ असाच असतो.' त्याखाली माणसांची रीघच लागली. मी ओढणीनं डोळे पुसले आणि कंपनी आली तरी उतरायचं विसरले.

त्यानंतर प्रत्येक रविवारी अण्णांचा डबा मीच न्यायचे. अण्णा जेवून आडवे झाले की आम्ही नव्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांवर जायचो. रुंद, गुळगुळीत, एकही गाडी नसलेले रस्ते. अंगद मला मोटारसायकल शिकवायचा. "इथं आमचं चराऊ रान होतं," तो एकदा म्हणाला, "आता तू ब्रेक दाबलास तिथं पाण्याचं डबकं असायचं." मी हँडलवरचा हात काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं हात तसाच राहू दिला... गाडी मात्र बंद पडली.

आणि माझा व्हिसा आला. आधी अंगदलाच सांगितलं.

"अभिनंदन," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता.

"कसली माणसं आवडतात, ऐकायचं होतं ना तुला? ऐक. मी जाणार आहे, ते ठरलंय. लग्न तुझ्याशी करणार आहे, तेही ठरलंय. फक्त आधी काय अन् मग काय, ते तू सांग. नियम तुला पाठ आहेत."

तो माझ्याकडं वळला. "विचारतीयेस का सांगतीयेस?"

"सांगतेय."

"बरं झालं. विचारलं असतंस तर माझ्या तोंडातून शब्द नसता फुटला." मग माझ्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "आधी तू जा. पुढल्या दिवाळीला ये, लग्न करू. मग माझा अर्ज. वर्ष-दीड वर्ष लागंल... थांबशील?"

"तूच थांबायचंयस, वेड्या."

घरी अण्णा भडकले. "मेंढरंवाल्याच्या घरात माझी पोरगी?"

"त्यांची मेंढरं बसली की शेत कसं पिकायचं, हे तुम्हीच सांगायचात, अण्णा," मी म्हणाले. "आणि मी लग्न केलं तर त्याच घरात करीन."

तीन रविवार ते माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या रविवारी छावणीत त्यांनी स्वतःच सूर्यभानमामांना बोलावून घेतलं. मामा काठी टेकत आले आणि घोंगडी अंथरून समोर बसले. अंगद दावणीला टेकून उभा होता. मी त्याच्या शेजारी.

"सूर्यभान," अण्णा म्हणाले, "पोरगी चालली सातासमुद्रापार अन् पोरगा हितं. हे कसलं लग्न?"

मामांनी डोक्यावरचं मुंडासं नीट केलं. "पाटील, आमच्यात सगळी लग्नं अशीच. मी आठ-आठ महिने कळपामागं भटकायचो. ह्याच्या मायनं घर धरलं, वाट बघितली. कधी तोंड वाकडं केलं नाय. आता ह्या बारीला सून वाट चालंल अन् पोरगा घर धरंल. त्यात काय बिघडलं?"

अण्णा बराच वेळ घोंगडीच्या दशा बोटांनी सारख्या करत बसले.  अंगदनं माझं मनगट घट्ट धरलं, सगळ्यांसमोर.

"सूर्यभान..." शेवटी अण्णा म्हणाले, "आता पाटील म्हणू नको मला. व्याही म्हण."