सहाव्या वर्षीची दाढ

शाल्मलीची दाढ किडल्याचं कळलं तो सोमवार होता. तिची आजी जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. शाळेच्या दवाखान्यात तीळ तिच्या तोंडात उतरला होता. तीळ म्हणजे तिळाएवढा यंत्रमानव. त्याचं बोलणं टेबलावरच्या डबीतून ऐकू येतं.

"खालची डावी दाढ. खड्डा पडलाय."

"दुधाचीच ना? पडेल," मी म्हणालो.

"नाही आजोबा, ही कायमची. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे येते, एकही दात न पडता. म्हणून घरोघरी फसतात."

मी खुर्चीत टेकलो. "पण ती दोनदा दात घासते. आणि गोड म्हणाल तर खडीसाखरेचा एवढासा खडा."

"दिवसातून किती वेळा?"

शाल्मलीने 'आ' वासूनच आठ बोटं दाखवली.

आजीची आठवण आली की ती रडायची आणि मी आजीचा खडीसाखरेचा डबा उघडायचो. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

तीळ म्हणाला, "दातांवर जंतूंचा चिकट थर असतो. साखर मिळाली की ते जंतू आम्ल (झिजवणारा आंबट पदार्थ) तयार करतात. आम्ल दंतवल्कातले (दाताच्या कडक कवचातले) क्षार काढून घेतं. मग लाळ आम्ल धुऊन क्षार परत बसवते. त्याला अर्धा-एक तास लागतो. खडा लहान असला तरी तेवढाच. आठ वेळा दिलात, तर लाळेने काम करायचं कधी?"

शाल्मलीने तोंड मिटलं.

"अगं, मी आत आहे!" डबी ओरडली. शाल्मली हसली. बऱ्याच दिवसांनी.

"म्हणजे आजोबांनी किडवली?"

"जंतूंनी. आजोबांनी त्यांना वाढलं."

डॉक्टरांनी खड्डा भरला. गेलेला भाग परत येत नाही, पण दाढ टिकेल म्हणाले. कायमच्या आणखी दोन दाढांच्या खाचांवर त्यांनी लेप दिला, म्हणजे तिथे अन्न अडकणार नाही.

खडीसाखर आता फक्त जेवणाबरोबर. झोपण्याआधी तिचे दात मी घासतो. वाटाण्याएवढी फ्लोराइडची (कवच टणक करणाऱ्या क्षाराची) पेस्ट, आणि नंतर नुसतं थुंकायचं, चूळ भरायची नाही. ती रडली की मी जवळ बसतो. डबा उघडत नाही.

चौथी कायमची दाढ अजून अर्धी हिरडीखाली आहे. तिला लेप लावायचा राहिला आहे.