धावदूताला ऊन समजलं

गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा ऊन लागून गेले. गाडी आलीच नाही, कारण मशीनला वाटलं, एवढं काही नाही.

त्या मशीनचं नाव धावदूत. रुग्णवाहिका (आजाऱ्याला दवाखान्यात नेणारी गाडी) आधी कुणाकडे पाठवायची, ते तोच ठरवतो. आईनं फोनवर सांगितलं, "यांना ऊन लागलंय." त्यानं उत्तर दिलं, "सावलीत बसवा." असं कसं म्हणाला मेला?

माझे आबाजी भाषाशास्त्रज्ञ (भाषा कशी चालते ते शोधणारे). यंदा धावदूताला सुधारायला त्यांना बोलावलं. मीही हट्टानं गेले. मला त्या डबड्याला लाथ घालायची होती.

"लाथ मग घाल रेणू. आधी सांग, काय काय लागतं?"

"ठेच लागते. भूक लागते. नोकरी लागते. डोळा लागतो."

"आणि मन?"

"लागत नाही," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं.

आबाजींनी मला जवळ घेतलं. "शब्दाचा अर्थ शेजारी कोणता शब्द बसलाय, कोण बोलतंय, कुठे बोलतंय यावरून ठरतो. याला म्हणतात संदर्भ. धावदूत शिकला थंड शहरातल्या लोकांच्या बोलण्यावरून. तिथं ऊन लागतं म्हणजे डोळ्यांवर येतं. खुर्ची सरकवली की झालं."

"मग आपला अर्थ घाला की त्यात!"

"घातला. पण उद्या दुसरा शब्द अडेल. म्हणून त्याला शिकवलंय, शंका आली की विचारायचं."

तेवढ्यात धावदूताचा फोन वाजला. एक बाई रडत होती. "आमच्या ह्यायले कसंतरी होऊन राह्यलं बाप्पा!"

मी फोनजवळ सरकले.

"कसंतरी म्हणजे कसं, ताई?" धावदूतानं विचारलं. "उन्हात होते का? घाम येतोय?"

"वावरातूनच आले. घाम नाही, अंग नुसतं भाजून राह्यलं. काहीबाही बडबडतात."

"गाडी निघाली. ओलं फडकं टाका, वारा घाला."

संध्याकाळी कळलं, तो माणूस वाचला. मला बरं वाटलं आणि भयंकर रागही आला. एवढे तीनच प्रश्न! आमच्या वेळी का नाही विचारले?

लाथ काही घातली नाही. खुर्ची ओढून धावदूतासमोर बसले.

"तुला अजून एक शिकवते. जीव घाबरा होणं."

"म्हणजे नक्की काय होतं, रेणू?" त्यानं विचारलं.

बाबा शेवटी तेच म्हणाले होते. मी डोळे पुसले आणि त्याला सगळं नीट सांगितलं.