घमेल्याबाहेरचा थेंब

"मी गावाला गेलो असं कुणी सांगितलं, तर आधी माझी गाडी बघ, पोरी. तिला सोडून मी कुठे जात नसतो."

डोब्री आजोबा असं म्हणाले तेव्हा बिल्याना हसली होती. ऐंशीच्या घरातला एकटा शेजारी, आणि त्याच्या शेडमध्ये कोंबड्यांनी घाण करून ठेवलेली, युद्धाआधीची लांबलचक काळी मोटार. तशी दुसरी सगळ्या बल्गेरियात नाही म्हणे. कितीतरी शौकीन फाटकापर्यंत येऊन हात हलवत परत गेले. आजोबा ती विकत नव्हते आणि दुरुस्तही करत नव्हते. गाडीच्या पुढ्यात खणलेल्या दुरुस्तीच्या खड्ड्यात तर त्यांनी कोबीच्या लोणच्याचं पिंप ठेवलं होतं.

सोमवारी आजोबांचा पुतण्या राइको तिला चौकात भेटला. "काकांना काल मीच बसमध्ये बसवलं. बुर्गासला, आत्याकडे."

बिल्यानाने नुसती मान डोलावली. कडेवरचा यावोर तापाने फणफणला होता आणि नवरा ट्रक घेऊन जर्मनीत. बाळाचा ताप उतरेपर्यंत तिने खिडकीचा पडदासुद्धा सरकवला नाही.

बुधवारी दुपारी ती पहिल्यांदा अंगणात आली. कुंपणावरचं आलुबुखाराचं झाड त्याच दिवशी फुललं होतं. मार्च लागताच यावोरच्या मनगटावर बांधलेला लाल-पांढरा दोरा तिने सोडला आणि रीतीप्रमाणे पहिल्या फुललेल्या फांदीला बांधला. झाडावर अजून कुणाचाच दोरा नव्हता. मान आपल्या बाळाला मिळाला, म्हणून तिला बरं वाटलं.

संध्याकाळी पाऊस लागला तो थांबेना. गुरुवारी सकाळी बघते तर आजोबांच्या कोंबड्या त्याच झाडावर चिंब भिजत बसलेल्या. शेडचं दार उघडं होतं, पण एकही आत जायला तयार नव्हती.

तिला आजोबांचं गाडीबद्दलचं ते वाक्य आठवलं.

पोलीस चौकीवर उत्तर मिळालं, "पुतण्या सांगतोय ना, गेले म्हणून? मग?"

तेव्हा तिने नेवेनाला फोन लावला. नेवेना केरेल्स्का तिच्या आईची मैत्रीण. शहरात खासगी तपासाची कामं घ्यायची. आली ती सूर्यफुलाच्या बिया फोडतच.

"मावशी, कदाचित माझ्याच मनाचे खेळ असतील."

"असतील तर चहा पिऊन जाईन. चल."

घरात कुणी नव्हतं आणि चूल गार होती. दोघी शेडमध्ये शिरल्या. आत अंधार, आणि त्या अंधारात एकच आवाज. टप्प. टप्प. छपरातून गळणारं पाणी बॉनेटवर पडत होतं.

"गाडीच्या टपावर हे घमेलं कशाला?"

"छपराला भोक आहे ना. आजोबांनी कधीचं ठेवलंय तिथे. पाऊस झाला की ओतून टाकतात."

नेवेनाने घमेल्यात बोट फिरवलं. बोट कोरडंच निघालं. मग तिने टायरवर लाथ मारली. "यात हवा कुणी भरली?"

"हवा? मी लग्न होऊन आले तेव्हापासून चारही बसलेले आहेत." यावोर किरकिरायला लागला, आणि बिल्यानाचं लक्ष तिकडे गेलं. "त्या पुतण्याला बोलावू का?"

राइको आला तो घुश्शातच. त्याच्या मागोमाग फाटकाशी छत्री घेतलेला आणखी एक माणूस उभा राहिला. हा वेलेव, प्लोवदिवचा संग्राहक. त्याची मोठी गाडी सकाळपासून तीनदा गल्लीतून गेलेली बिल्यानाने खिडकीतून पाहिली होती.

"रविवारी काकांबरोबर सामान काय होतं?" नेवेनाने राइकोला विचारलं.

"एक पिशवी."

"कोंबड्या कुणावर सोपवल्या?"

राइको अडखळला. "मी... मीच बघणार होतो."

"छान बघितल्या! झाडावर चढल्यात. बरं, रविवार क्षमेचा होता. काकांच्या हातावर ओठ टेकवून वर्षभराची माफी मागितली असेलच."

"मागितली की. सगळेच मागतात." त्याची नजर बुटांवर खिळली होती.

वेलेवला मात्र विचारावं लागलं नाही. "बाई, वर्ष झालं, म्हाताऱ्याने मला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलेलं नाही. जीव तुटतो हो! असला दागिना, आणि छपराचं पाणी थेट बॉनेटवर! पत्रा सडणार नाही तर काय होणार?"

"सडू दे ना," राइको फणकारला. "तुमचा दागिना उद्या भंगारात गेला तर घर तरी मोकळं होईल."

नेवेनाचं बिया फोडणं थांबलं. ती झाडाकडे बघत होती. "बिल्याना, हे दोन दोरे कुणाचे?"

"खालचा यावोरचा, काल दुपारी मी बांधला. वरचा आजोबांचा. ते त्यात पितळी वायसर ओवतात, दर वर्षी..." बिल्याना झाडाजवळ गेली. "मावशी, मी बांधला तेव्हा तो तिथे नव्हता."

"आत चला सगळे! गाडी मागे ढकलायची आहे."

"हलणार नाही ती," वेलेव घाईने म्हणाला. "ब्रेक गंजलेत."

"काल हलली, आजही हलेल. थेंब घमेल्यात पडेपर्यंत ढकला!"

बिल्यानाने यावोरला गवताच्या भाऱ्यावर ठेवलं आणि खांदा लावला. चाकं कुरकुरली. टप्प. टप्प. आणि मग, टण्ण.

गाडीच्या नाकाखाली खड्ड्याचं तोंड उघडलं. तळाशी पिंपाला टेकून डोब्री आजोबा बसले होते. कपाळावर रक्त सुकलेलं, डोळे मिटलेले. बिल्यानाने खाली वाकून हाक मारली.

"कोण आहे?" खालून पुटपुटल्यासारखा आवाज आला. "गाडीला हात लावू नका."

राइकोने त्यांना उचलून वर आणलं. अँब्युलन्स येईपर्यंत बिल्याना त्यांच्या ओठांना चमच्याने कोमट चहा लावत राहिली. नेवेना मात्र शेडच्या दारात उभी होती, वेलेवला बाहेर पडता येऊ नये अशी.

"घमेलं टपावर होतं आणि पाणी बॉनेटवर पडत होतं," ती म्हणाली. "म्हणजे भोक जागच्या जागी, गाडीच मागून पुढे आलेली. ती हलवण्यासाठी आधी हवा भरावी लागली. जो तिला भंगारात घालायला निघालाय, तो टायरमध्ये हवा कशाला भरेल? ज्याला ती धड हवी तोच भरेल. आणि वेलेवसाहेब, वर्षभर फाटकाच्या आत न आलेल्या माणसाला पाणी घमेल्यात पडतं एवढंच ठाऊक असतं. पाणी बॉनेटवर पडायला लागलं ते कालच्या पावसात."

"पण आजोबा खड्ड्यात हे कसं कळलं?" बिल्यानाने विचारलं.

"दोऱ्यामुळे. झाड काल फुललं आणि त्यांचा दोरा तुझ्यानंतर बांधला गेला. म्हणजे काल दुपारपर्यंत माणूस इथेच होता. कोंबड्या शेडला का भ्यायल्या? खालून कुणीतरी ठोकत होतं म्हणून. शेडमध्ये खड्डा मला दिसेना. तुझ्या आईला लोणचं देताना तू माझ्यादेखत सांगितलं होतंस, आजोबांचा कोबी कुठे मुरतो ते. मग तो खड्डा गेला कुठे?"

वेलेवची छत्री गळून पडली. "राइकोच म्हणाला होता, काका बुर्गासला गेले. मला वाटलं, घर रिकामं आहे. कोबी काढायला उतरून ते खड्ड्यात पडले असतील, अंधारात मला दिसलेच नाहीत. ब्रेक सोडवला आणि गाडी उताराने आपोआप पुढे गेली. तेवढ्यात खालून आवाज आला... मागे ओढली असती तर त्यांनी मला बघितलं असतं."

"म्हणून ठेवलंत तसंच?"

"सकाळी कुणीतरी काढेल, असं वाटलं."

"आणि कुणी काढलं का ते बघायला तीन चकरा मारल्यात."

राइको काकांजवळ खाली बसला. "मी गेलोच नव्हतो रविवारी. घरावरून भांडण झालं होतं आमचं. क्षमेच्या दिवशी काकाकडे गेला नाही म्हणून अख्खं गाव थुंकलं असतं. म्हणून सांगितलं, भेटलो, बसवलं बसमध्ये. एवढीशी थाप..."

"त्या एवढ्याशा थापेने याला रान मोकळं केलं," नेवेना म्हणाली, "आणि शेजाऱ्यांना दार वाजवायची गरज उरली नाही."

हे बिल्यानाकडे बघून म्हटलं नव्हतं. तरी तिने यावोरला छातीशी घट्ट धरलं.

स्ट्रेचर फाटकाशी आलं तेव्हा राइको काकांच्या हातावर वाकला. "रविवारचं आज मागतो, काका. क्षमा करा."

"देव क्षमा करो," आजोबा म्हणाले. मग श्वास घेऊन, "आणि कोंबड्यांना दाणे टाक, गाढवा." एक डोळा उघडून त्यांनी वेलेवला शोधलं. "विकणार नाही."

अँब्युलन्स वळणाआड गेली. शेडमध्ये घमेलं भरत होतं. टण्ण, टण्ण. बिल्यानाने ते आठवणीने ओतलं आणि होतं तिथेच परत ठेवलं.

तुमच्याही शेजारी असं एखादं एकटं माणूस असेल. ते गावाला गेलंय असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल, आणि तुम्ही मान डोलावली असेल. हे खाली ठेवा आणि आधी जाऊन त्यांचं दार वाजवा.