डाव्या पट्टीची मागची बाजू

बत्तीस वर्षं मी बातम्या लिहिल्या. निवृत्तीनंतर जुन्या इंग्रजी शिकारी बंदुकांचा माग काढू लागलो. बंदूक कोणत्या साली घडली, कोणत्या पेढीत, कोणाच्या हातून. पेढीचं नाव बाहेर दिमाखात कोरलेलं असतं. कारागिराची खूण मात्र आत ठोकलेली असते, मालकाला कधी दिसणार नाही अशा जागी. मला तीच शोधायला आवडायचं.

मार्चमध्ये चाकणच्या दिग्विजय मोहित्यांनी बोलावलं. त्यांचा गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. ऑफिसच्या काचेपलीकडे प्रेस धडधडत होते, टेबलावर बर्मिंगहॅमची दुनळी होती, १९०४ सालची. तिच्यावरचा माझा दाखला त्यांना आपल्या संग्रहाच्या पुस्तकात छापायचा होता.

चापाच्या दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्या मी सोडवल्या. उजवीच्या मागे कारागिराची अक्षरं होती, जे. एच. डावीच्या मागे तीन ठिपके आणि खाली आडवी रेघ.

ती खूण मी लहानपणापासून बघत आलो होतो. आमच्या देहूरोडच्या घरात ती आईच्या पितळी डब्यावर होती, दाराच्या कडीवर होती. माझे वडील फिटर होते. रविवारी तळेगावच्या एका परवानाधारक बंदूकवाल्याकडे दुरुस्तीला जायचे. मूळची पट्टी मोडल्यावर ही त्यांनी नव्याने घडवली होती, वेलबुट्टीसकट. उजवीशी ताडून पाहिली. केसभर फरक नव्हता.

"ही पट्टी नंतरची आहे," मी म्हणालो.

"कुणाची?"

"देहूरोडच्या कुणा फिटरची."

दिग्विजय हसले. "काय राव! गोऱ्या साहेबाच्या बंदुकीत देहूरोडचा फिटर कुठं घुसवताय? मागनं कोण बघतंय? सगळे भाग मूळचे, एवढंच लिहा."

भिंतीवर त्यांच्या आजोबांचं तैलचित्र होतं. त्याच्यासमोर बसून आपल्या बापाचं नाव सांगायची मला लाज वाटली. मी लिहिलं, सर्व भाग मूळचे, सर्व काम जे. एच. यांच्या हातचं. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई डबा घेऊन समोर आली. भिमाबाई, वय चौऱ्याऐंशी, नजर अजून तीक्ष्ण.

"यावरची खूण कुठं गेली रं?"

"घासून गेली असेल."

"पितळंवरचा ठसा घासून जातो व्हय? पन्नास वर्सं घासतीया मी. पेपरवाला म्हनं! डोळं हायती का नाईत?"

पितळ गुळगुळीत होतं. कडीवरही बोट फिरवून पाहिलं. काही नव्हतं.

मी पुराव्याचा माणूस. गेल्या दिवाळीत काढलेला डब्याचा फोटो मोबाइलमध्ये होता, खूण जवळून दिसावी म्हणूनच काढलेला. तो उघडला.

फोटोतला डबाही कोरा होता.

त्याच दुपारी चाकण गाठलं. "ती माझ्या वडिलांची खूण आहे," मी दिग्विजयांना सांगितलं. "मी खोटं लिहिलं. दाखला परत द्या."

ते अवघडले. त्यांनी स्वतःच डावी पट्टी सोडवली आणि उलटी करून माझ्यापुढे ठेवली.

जे. एच. अक्षरांच्या खाचांत जुना गंज होता.

"तुम्ही लिहिलंत तसंच आहे की," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

घरी येऊन नवा दाखला लिहायला बसलो. माणसाचं नाव पूर्ण लिहावं, हे मी प्रत्येक नव्या वार्ताहराला शिकवलं होतं. 'डावी पट्टी घडवणारे' इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो.

वडिलांचं नाव आठवेना.

शाळा सोडल्याचा दाखला काढला. बुद्धरत्न. मग कोरी जागा. मग ओव्हाळ.

पाच अक्षरं मावतील एवढी जागा.

आई मोरीत भांडी घासत होती. तिला विचारलं. तिने जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

तिने हात धुतले. पदर सारखा केला.

"तुझ्यासाटनं घेते," म्हणाली.

तिचे ओठ हलले. सावकाश, पाच वेळा.

मागे नळ ठिबकत होता. त्याचा एकेक थेंब मला स्पष्ट ऐकू येत होता.