नोलीतला एकटीचा आठवडा

मी फोन लावला होता समुद्रकाठच्या नोली गावातल्या एका लॉजला. लागला तो होड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला. शेवटचा आकडा चुकला होता.

“एक खोली हवी होती,” मी म्हणाले. “जूनच्या शेवटच्या आठवड्यात. एकटीसाठी.”

“माझ्याकडे एक होडी आहे,” पलीकडून आवाज आला. “पण तिच्या तळाला भोक आहे.”

मी माफी मागून फोन ठेवणारच होते... पण हसू आलं, आणि मग फोन ठेवायचं राहूनच गेलं.

त्याचं नाव एत्तोरे. ते लॉज दोन वर्षांपूर्वीच बंद झाल्याचं त्यानेच सांगितलं. “माझ्या आत्याची वरची खोली मात्र रिकामी असते. खिडकीतून समुद्र दिसतो. फक्त आत्या फार बोलते.”

“मग नको. मला कुणी बोलायला नकोय.”

“एवढं काय झालंय?”

अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. मी सांगून टाकलं — पाच वर्षं तोरीनो शहरात आजारी बाबांचं सगळं मी केलं, फेब्रुवारीत ते गेले, आणि तेव्हापासून मला कुणी एकटं सोडतच नाही. बहीण लुइझेल्ला तर दोन्ही मुलांना घेऊन माझ्यासोबत यायला निघाली होती. “सात दिवस मला कुणाचं काही करायचं नाहीये. आणि कुणी माझंही काही करायचं नाहीये.”

“आत्याला मी सांभाळतो,” तो म्हणाला.

मग दर दोन-तीन दिवसांनी फोन होऊ लागले. काही ना काही विचारायचं राहिलेलंच असायचं.

“आमच्याकडे स्टेशन नाही. शेजारच्या गावात उतरा आणि बस धरा. सकाळी लवकर वाळूवर या, कोळी तिथेच मासळी विकतात. आणि फोकाच्चा कॉफीत बुडवून खा.”

“खारट पाव, कॉफीत?”

“बघा, तोरीनोची माणसं नाक मुरडतातच.”

“आणि तुम्ही... तुम्ही कुठे असाल?” विचारलं आणि माझी मीच चमकले.

“तिथेच, होड्यांपाशी. पण ओळख दाखवू नका. आठवडा तुमचा आहे.”

मी गेले. पहिल्या सकाळी तो दिसला — उन्हाने रापलेला, कोपराला निळा रंग लागलेला. त्याने हात किंचित वर केला आणि पुन्हा कामाला लागला. आत्या जिन्यात भेटली की “बोन जोर्नो” एवढंच अभिवादन करून ओठ घट्ट मिटून घ्यायची. बिचारीचा जीव नुसता गुदमरत होता.

मी पोहले. भर दुपारी झोपले. बुधवारी खडकावर बसून बाबांसाठी पोटभर रडले, आणि मला गप्प करायला कुणी आलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू...

बुधवारपर्यंत एत्तोरेच्या शब्द पाळण्याचं मला कौतुक होतं. गुरुवारी थोडा रागच आला.

शुक्रवारी मी सरळ त्याच्या होडीपाशी जाऊन उभी राहिले.

“ओळख दाखवली तर चालेल?”

“अजून दीड दिवस उरलाय तुमचा,” तो वर न बघता म्हणाला.

“माझाच आहे ना? मग मी तो कसाही घालवीन.”

तो फडक्याला हात पुसत राहिला.

“आभार मानायला आलेय,” मी म्हणाले.

“कशाचे? मी तर काहीच केलं नाही.”

“त्याचेच. पाच वर्षांत माझ्यासाठी कुणी इतकं केलं नव्हतं.”

आता त्याने पाहिलं. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या.

“फार जड गेलं,” तो म्हणाला.

“आत्याला?”

“आत्यालाही.”

लाट आमच्या पावलांपर्यंत येऊन परतली. मी म्हणाले, “एत्तोरे, मला ‘तुम्ही’ म्हणू नकोस.”

“नोएमी...” त्याने माझं नाव हळूच उच्चारून पाहिलं. “मग उद्याच्या बसने जाऊ नकोस. रविवारीही बस असते.”

“आणि सोमवारी?”

“सोमवारीही असते.”

मी निघाले ती पुढच्या बुधवारी. शेजारच्या सीटवर तो होता — स्टेशनपर्यंतच सोडतो म्हणत बसमध्ये चढलेला, आणि पुढे आगगाडी तोरीनोला पोहोचली तरी माझा हात न सोडलेला.