एकवीस पूर्णांक चार

शालिनी जगदाळे आल्या तेव्हा नवऱ्याचं तेरावं होऊन दोनच दिवस झाले होते. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात, कपड्यांच्या दुकानावरच्या त्या एका खोलीच्या ऑफिसात त्या टेकल्या आणि पर्समधून एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"यावर उद्या अकराच्या आत माझी सही हवीय त्यांना," त्या म्हणाल्या. "सही केली तर एका मुलीची डॉक्टरकी संपेल. तिच्या हातून माझा नवरा गेला असेल तर करीन मी सही. पण तसं असेल तरच."

पुष्करने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खिडकी लावून घेतली. नोव्हेंबरचं धुरकं घशात उतरत होतं, आणि खालचा विक्रेता 'दो सौ, दो सौ' करून कान किटवत होता.

तेजश्री फणसेने कागद वाचला. तक्रार इंग्रजीत होती, हॉस्पिटलच्या ऑफिसने स्वतःच टाइप करून दिलेली. दुःखात बुडालेल्या माणसाचे कष्ट वाचवायला हॉस्पिटलं अशी तत्परता क्वचितच दाखवतात. विमा कंपनीत बारा वर्षं हॉस्पिटलच्या फायली चाळून आता खासगी तपासाचं काम करणाऱ्या तेजश्रीला हे चांगलंच ठाऊक होतं.

"काकू, पहिल्यापासून सांगा."

खंडेराव जगदाळे शहात्तर वर्षांचे. मानेसरच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून निवृत्त. हृदयाची झडप अरुंद झाली होती, चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. डॉ. राजीव सरदेशपांडे एका नव्या झडपेवर संशोधन करत होते. छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून ती बसवायची. त्यांच्या हॉस्पिटलात बारा रुग्ण घ्यायचे होते. खंडेराव बारावे.

"राजीवभावजी घरातलेच," शालिनीताई म्हणाल्या. "वीस वर्षं हे दोघं संक्रांतीला एकाच गाडीतून पानिपतला, काला अंबच्या मराठ्यांच्या स्मारकाला जायचे. संशोधनाचे कागद आले तेव्हा ह्यांनी वाचलेसुद्धा नाहीत. मी वाचा म्हटलं, तर म्हणाले, राजीवने वाचलेत ना." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "टेबलावर झडपेचं कडं फाटलं. दहा मिनिटांत संपलं सगळं."

"कडं?" पुष्करने विचारलं. स्पर्धा परीक्षेचे सहाही प्रयत्न संपवून परभणीचा हा गृहस्थ तेजश्रीकडे नोकरीला लागला होता. राज्यघटनेची कलमं त्याला तोंडपाठ होती, चष्मा मात्र रोज शोधावा लागायचा.

"झडप ज्या गोल कड्यात बसते ते," तेजश्री म्हणाली. "सीटी स्कॅनवर त्याचं माप घेतात. लहान कड्याला तेवीसची झडप, मोठ्याला सव्वीसची. ती आत फुगवून बसवतात, म्हणून लहान कड्यात मोठी फुगवली की कडं फाटतं. इथे अहवालात माप आहे चोवीस पूर्णांक चार मिलिमीटर, म्हणून सव्वीसची बसवली. मृत्यूनंतर तोच स्कॅन पुन्हा मोजला, तेव्हा निघालं एकवीस पूर्णांक चार."

"आणि पहिलं माप त्या मुलीचं."

"डॉ. अक्षया गवळी. मंगळवार, चार पन्नास, तिच्याच लॉगिनवरून. आता तू वाच, मी लिहून घेते." तिने शालिनीताईंनी आणलेल्या हॉस्पिटलच्या फाइलीतलं एक पान त्याच्यापुढे सरकवलं. रुग्णासाठी उघडलेल्या प्रत्येक वस्तूच्या पाकिटावरची पट्टी तिथे चिकटवलेली होती.

पुष्कर कंटाळत वाचू लागला. "तारा दोन. नळी एक. फुगा, अठरा मिलिमीटर. झडप, सव्वीस. पुढे सगळी रक्ताची पिशवी, रक्ताची पिशवी, रक्ताची पिशवी..."

शालिनीताईंकडे लक्ष गेलं आणि त्याने पान खाली ठेवलं. आपल्या जिभेची त्याला मनापासून लाज वाटली.

*

अक्षया हॉस्पिटलच्या वसतिगृहात सापडली. पंधरा दिवसांत पोटभर जेवली नसावी असा चेहरा. लातूरला तिच्या घरी अजून काहीच माहीत नव्हतं.

"मी एकवीस पूर्णांक चारच भरलं होतं," ती म्हणाली. "चार वीसला. लगेच सरदेशपांडे सरांचा फोन आला, आयसीयूतला पेशंट बघून ये म्हणून. मी धावत गेले. लॉगिन बंद करायचं राहिलं. तेवढी चूक माझी आहे, ताई."

"तू गेल्यावर खोलीत कोण होतं?"

"केतन कॉफी घेऊन दारात भेटला. झडप बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. सरांची केबिन शेजारीच आहे. कॉम्प्युटर फक्त शेवटची नोंद ठेवतो. माझा पहिला आकडा आता कुठेच नाही."

"आणि शस्त्रक्रियेच्या वेळी?"

"मी काकांच्या उशाशी होते. झडपेचा साइज ऐकून वाटलंही, तेवीस असायला हवी ना? पण आपल्यालाच नीट आठवत नसेल असं वाटलं. मी बोलायला हवं होतं."

पुष्करला ती खोटं बोलतेय असं वाटलं नाही. पण मुलाखतीच्या पॅनेलबद्दलही त्याचे अंदाज कायम चुकत आले होते.

*

केतन मेहेंदळेची कंपनी गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत होती. जन्म दिल्लीचा, त्यामुळे मराठीला मधून मधून हिंदीचा टेकू.

"बिल्कुल सरळ काम आहे माझं. आकडा सांगतात, मी कपाटातून झडप काढून देतो."

"त्या आठवड्यात कपाटात कोणते साइज होते?"

केतनचा चेहरा उतरला. "फक्त सव्वीस. तेवीस यायला तीन आठवडे होते. आणि संशोधनात नवे पेशंट घ्यायची मुदत शुक्रवारी संपत होती. बारावा मिळाला नसता तर या सेंटरचं नाव वगळलं असतं. पण हे सगळ्यांना माहीत होतं यार, मला एकट्याला नाही."

"प्रत्येक केसची नोंद ठेवता?"

त्याने एक डायरी पुढे टाकली. पुष्करने पानं उलटली. आठवा रुग्ण: फुगा बावीस, झडप सव्वीस. नववा: फुगा अठरा, झडप तेवीस. दहावा: फुगा बावीस, झडप सव्वीस. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"हे फुगे कशाला?" तेजश्रीने विचारलं.

"झडप टाकायच्या आधी अरुंद रस्ता थोडा मोकळा करतात. कड्याच्या मापापेक्षा जरा लहान फुगा. तो दुसऱ्या कंपनीचा असतो. डॉक्टर टेबलावर मागतात, सिस्टर देते. मी नंतर फक्त लिहून ठेवतो."

"ही डायरी उद्यापर्यंत माझ्याकडे राहू दे."

मेट्रोत पुष्कर म्हणाला, "ताई, हाच आहे. कॉफीचं निमित्त करून आत शिरला असणार. झडप त्याच्या कंपनीची, मुदत त्याच्या कंपनीची."

"असेल," तेजश्री म्हणाली आणि डायरीत डोकं घातलं.

*

डॉ. राजीव सरदेशपांडे स्वतः उठून दारापर्यंत आले. केस पांढरे, आवाज मऊ. खंडेरावांचं नाव निघालं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"वहिनींना सांगा, त्या पोरीवर फार कठोर होऊ नका. थकलेली असेल. आकडा चुकला."

"सही तुमचीही आहे, डॉक्टर."

"आहे ना. मी अहवाल वाचला, त्यात चोवीस पूर्णांक चार होतं, सही केली. स्कॅनचं चित्र मी उघडलंच नाही. तिच्यावर विश्वास ठेवला, हा माझा गुन्हा म्हणा हवं तर. चित्र कुणी कुणी उघडलं याची यादी कॉम्प्युटरमध्ये आहे. शस्त्रक्रियेच्या आधीचं एकच नाव आहे त्यात, अक्षयाचं. खुशाल पाहा."

तेजश्रीने यादी मागून घेतली. डॉक्टर खरं बोलत होते. बाहेर पडताना पुष्करला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाने एवढा मोकळेपणा दाखवावा हे विरळाच. त्याने तसं बोलूनही दाखवलं. तेजश्रीने यादी घडी करून पर्समध्ये टाकली.

*

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौकशी समिती बसली. अध्यक्ष बाई वयस्कर होत्या आणि घाईत होत्या. एका बाजूला डॉ. राजीव आणि केतन, दुसऱ्या टोकाला अक्षया. शालिनीताई मधल्या खुर्चीवर. तो कागद समोर होता, सही अजून व्हायची होती.

"आकडा कुणी बदलला हे घटकाभर बाजूला ठेवू," तेजश्री म्हणाली. "कडं खरोखर किती लहान होतं, हे शस्त्रक्रियेच्या दिवशी कुणाला माहीत होतं, तेवढंच पाहू."

तिने फाइलीतलं पट्ट्यांचं पान अध्यक्षांपुढे ठेवलं. "आधी रस्ता मोकळा करायला फुगा वापरतात. खंडेरावांना वापरला अठराचा. आणि ही केतनची डायरी. आधीच्या अकरा रुग्णांमध्ये सव्वीसची झडप ज्यांना बसवली, त्या प्रत्येकाला डॉक्टरांनी बावीसचा फुगा घेतला. अठराचा घेतला तो फक्त तेवीसवाल्यांना. अकरात एकही अपवाद नाही. खंडेरावांच्या वेळी मात्र झडप मोठ्या कड्याची आणि फुगा लहान कड्याचा."

"सावधगिरी," राजीव शांतपणे म्हणाले. "वयस्कर पेशंट होता."

"आधीच्या सव्वीसवाल्यांत दोघं ऐंशीच्या पुढचे होते. त्यांना बावीसचाच घेतलात. डॉक्टर, कॉम्प्युटरमध्ये आकडा बदलता येतो. पण टेबलापाशी उभं राहिल्यावर हातांना खरं माप आठवलं. कडं लहान आहे हे माहीत असताना बावीसचा फुगा मागायला तुमची जीभ रेटली नाही."

तिने पट्ट्यांचं पान राजीवपुढे सरकवलं.

"ते कडं लहान असल्याचं तुम्हाला कळलं कुठून? चित्र तुम्ही उघडलं नाही. हे तुम्हीच सांगितलंत, यादीही तेच सांगते. मग खरं माप आणखी एकाच ठिकाणी असू शकत होतं. अक्षयाने चार वीसला भरलेल्या अहवालात. म्हणजे तिने बरोबर भरलं होतं, आणि कुणी बदलण्याआधी तुम्ही ते वाचलं होतं. तेवीसची झडप यायला तीन आठवडे होते आणि रुग्ण घ्यायची मुदत शुक्रवारी संपत होती, म्हणून अहवाल वाचून तुम्ही तिला फोन करून उठवलंत. ती गेली. चार पन्नासला तिच्या उघड्या राहिलेल्या लॉगिनवर एकवीसचे चोवीस झाले, आणि त्यावर तुम्ही सही केलीत."

"पण केतनने बदलला असेल तर?" पुष्करच्या तोंडून निघून गेलं.

"तर खरं माप ठाऊक असलेल्या डॉक्टरांनी बदललेल्या आकड्यावर सही का केली? बदलणारा दुसरा असता, तर त्यांनी तिथेच आरडाओरडा केला असता."

अक्षयाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता.

राजीव बोलले तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीइतकाच मऊ होता. "तीन मिलिमीटर. बहुतेक वेळा कडं सहन करतं. मी हळूहळू फुगवणार होतो. अकरा जणांचं काम वाया गेलं असतं, वहिनी. पुढे हजारो लोकांना..."

"तुम्ही ह्यांनाच का घेतलंत?" शालिनीताईंनी विचारलं.

राजीवनी मान खाली घातली. उत्तर पुष्करला कळलं, तसं त्या खोलीतल्या सगळ्यांनाच कळलं. न वाचता सही करणारा रुग्ण रोज मिळत नाही.

अध्यक्ष बाईंनी पोलिसांना बोलावण्याबद्दल काहीतरी सांगितलं. केतनने डायरी परत मागितली नाही. शालिनीताईंनी समोरचा टाइप केलेला कागद चार वेळा दुमडून फाडला आणि पुष्करकडे कोरा कागद मागितला. मराठीत लिहिलं तर चालेल का, असं त्यांनी अध्यक्षांना विचारलं. बाई चालेल म्हणाल्या.

त्यांनी पेन हातात घेतलं. मग समोर बघत, जणू घरी चहाच्या वेळी बोलताहेत अशा आवाजात म्हणाल्या:

"तीन आठवडे थांबा म्हणाला असतात, भावजी, तर थांबलो असतो आम्ही. आम्हाला कुठे जायचं होतं?"