समाधीवरची जिवंत पार्वतीबाई

ताडकळसच्या रुद्रभूमीत, लिंगायतांच्या दफनभूमीत, मंजुषा वडिलांच्या समाधीवर बेल वाहायला आली, तर एक तरुण शेजारच्या दगडावर ओला फडका फिरवून मोबाइलनं फोटो काढत होता. तिचं डोकंच सणकलं.

"इंटरनेटवर समाध्या टाकणारे ते तुमीच का?"

"हो... मी महारुद्र, राणीसावरगावचा. लोकांना आपले पूर्वज सापडावेत म्हणून—"

"माझी आई जिती हाय! तुमी मारून टाकली तिला!"

महारुद्रच्या हातातला फडका गळून पडला. वडील गेले तेव्हा पार्वतीबाईनं एकाच दगडावर नवरा-बायको दोघांची नावं कोरून घेतली होती. स्वतःच्या मृत्यूची तारीख तेवढी रिकामी सोडली होती. या शहाण्यानं ती झिजून गेली असं समजून खुशाल नोंद केली – दोघेही लिंगैक्य, म्हणजे वारलेले!

"ती नोंद बघून पुण्याहून दादाचा फोन आला. चार वर्षांच्या अबोल्यानंतर... ढसाढसा रडला. आईनं फोन घेतला, तिचा आवाज ऐकला, आन् त्यानं कट केला!"

मेलेल्या आईसाठी रडणारा भाऊ जित्या आईशी बोलेना. हा संताप कुणावर काढायचा? हा आयता समोर सापडला होता.

"चला," तो एवढंच म्हणाला, "आईंची माफी मागतो."

"चपलीनं हाणंल ती."

"हाणू द्या... तुमी मधी पडू नका."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

घरी पार्वतीबाईनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं. मग हळूच म्हणाली, "नोंद काढू नको, लेकरा. र्‍हाऊ दे. पोरगा पुन्हा रडंल... पुन्हा फोन करंल."

महारुद्रनं मात्र मोबाइल काढला आणि तिथंच नोंद पुसली.

"न्हाई, आई. जित्या माणसाला मेल्यांत ठेवणं मला जमायचं न्हाई. त्यांना यायचं आसंल तर तुमच्यासाठी येतील."

पार्वतीबाई खूप चिडली, त्याला नाही नाही ते बोलली, आणि शेवटी पदरानं डोळे पुसत चहा टाकायला उठली. आईला असं तोंडावर खरं सांगायची हिंमत मंजुषाला कधी झाली नव्हती. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

चहा झाला. तो निघाला तशी ती दारापर्यंत आली.

"उद्या बी या..."

"फोटो काढायला?"

"भांडायला! माझा राग संपला न्हाई अजून."

"किती दिवस पुरंल?"

तिनं मान खाली घातली. कानशिलं तापली होती.

"तुमी येत र्‍हायलात तर... जन्मभर पुरवीन."